‘तुझ्या शिलाईमुळे माझं क्रेडिट जाणार’

पत्र थोडक्यात

एक वाचक भगिनी डब्लिनहून लिहितात. लग्नाला बारा वर्षं झाली, आयर्लंडला येऊन आठ. पती नोकरी करतात, पगार वर्षाला ७२,००० युरो. दोन मुलं, धाकटी गेल्या सप्टेंबरात शाळेत जाऊ लागली. घर भाड्याचं. इतकी वर्षं त्या घरीच होत्या. स्टॅम्प ४ (नोकरी आणि धंदा दोन्हीची मुभा देणारा राहण्याचा परवाना) हाती आल्यावर जानेवारी २०२५ पासून त्यांनी घरी शिलाई सुरू केली: साडीवरचे ब्लाऊज, फॉल-पिको, शिवलेली नऊवारी, मुलांचे झब्बे. पहिल्याच वर्षी सगळा खर्च वजा जाता १४,००० युरो राहिले. दिवाळीत पतीच्या एका मित्राने सांगितलं, ‘बायको ७,२०० च्या वर कमावते म्हणजे तुझं होम केअरर क्रेडिट गेलं. महिन्याला दीडशेच्या वर युरो पगारातून कमी होणार.’ (क्रेडिट म्हणजे आकारलेल्या करातून थेट वजा होणारी रक्कम. होम केअरर क्रेडिट मिळतं ते जोडीदार घरी राहून सांभाळ करतो म्हणून.) तेव्हापासून घरात तोच विषय. पती म्हणतात, एक तर ७,२०० च्या आत राहा, नाहीतर पैसे रोख घे आणि दाखवू नकोस. भगिनींनी जानेवारीत दोन लग्नांच्या ऑर्डरी परत पाठवल्या. त्या विचारतात, ‘माझ्या कमाईने घराचं नुकसान होत असेल तर बंद करू का? की माझा टॅक्स पूर्ण वेगळा करून घेऊ, म्हणजे त्याची क्रेडिट्स त्याला राहतील? आणि इंटरलॉकचं मशीन घ्यायचं मनात होतं, ते आता घेऊ की नको?’

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात ‘त्याची क्रेडिट्स’ हे शब्द पाच वेळा आले आहेत. तुमच्या घरातला सगळा वाद या दोन शब्दांत अडकलाय असं मला वाटतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपण भारतातून येतो. तिथे नवरा-बायकोचा प्राप्तिकर वेगळा असतो. त्याचं पॅन वेगळं, तिचं वेगळं, त्याच्या सवलती त्याच्या. ती सवय घेऊन आपण इथली पेस्लिप वाचतो आणि तिच्यावर दिसणारं सगळं नवऱ्याचंच समजतो. इथे तुम्ही दोघं जॉइंट असेसमेंटमध्ये आहात, म्हणजे रेव्हेन्यूच्या (इथल्या कर खात्याच्या) दृष्टीने तुमचं खातं एक आहे. विवाहित जोडप्याला मिळणारं क्रेडिट २०२५ साली ४,००० युरो होतं. हे काय आहे? एकट्या माणसाला मिळणारे २,००० दोनदा. त्यातले २,००० तुमच्या नावाचे आहेत. तुम्हाला उत्पन्न नव्हतं म्हणून ते त्याच्या पेस्लिपवर जाऊन बसले. होम केअरर क्रेडिटचे १,९५० तर तुम्ही घरी राहून मुलं सांभाळलीत म्हणूनच मिळतात. तुम्ही ते काम केलं नसतंत तर त्याला त्यातला एक युरोही मिळाला नसता. निव्वळ त्याचं म्हणावं असं त्या पेस्लिपवर काय उरतं? नोकरदाराचं २,००० चं क्रेडिट आणि लग्नाच्या क्रेडिटातला त्याचा अर्धा वाटा. हे मी त्याला कमी लेखायला सांगत नाही. त्याला खरंच हे ठाऊक नसावं आणि तुम्हालाही कुणी सांगितलेलं नसावं.

या रचनेमागे एक गोष्ट आहे आणि ती तुम्हाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. १९८० पर्यंत आयर्लंडच्या कायद्यात बायकोचं उत्पन्न करासाठी नवऱ्याचंच धरलं जाई. दोघं कमावत असली तर लग्न न केलेल्या दोन माणसांपेक्षा त्यांना जास्त कर पडे. फ्रान्सिस आणि मेरी मर्फी या शिक्षक जोडप्याने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाविरोधी ठरवला. लग्नाची क्रेडिट्स दुप्पट झाली ती त्या निकालातून. पुढे डिसेंबर १९९९ मध्ये अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी कराचा टप्पा (ज्या उत्पन्नापर्यंत कमी दराने कर लागतो तो) काही अंशी ज्याचा त्याचा वेगळा केला, म्हणजे तो पूर्ण वापरायचा तर दोघांनी कमवायला हवं. जी घरं एका पगारावर चालतात त्यांनी काय करायचं, असा मोठा गदारोळ झाला आणि घरी राहून सांभाळ करणाऱ्या जोडीदारासाठी ही होम केअररची सवलत आली. ती आली तेव्हा डोळ्यांसमोर तुमच्यासारखीच घरं होती. तुम्ही कामाला लागलात की तिची जागा दुसऱ्या सवलती घेतात. तुमच्या पतीच्या मित्राने पहिलं अर्धं सांगितलं आणि दुसरं राहिलं.

आता आकडे घेऊ. कागद-पेन घेऊन पतीच्या शेजारी बसून वाचा, म्हणजे दोघांना एकाच वेळी कळेल. आकडे २०२५ चे आहेत. मुख्य क्रेडिट्स आणि टप्पे २०२६ सालीही तेच ठेवले आहेत.

समजा तुम्ही काहीच कमावलं नाही. पती ७२,०००. एकाच्या कमाईवर चालणाऱ्या जोडप्याला ५३,००० पर्यंत २० टक्के, त्यापुढे ४० टक्के. म्हणजे १०,६०० अधिक ७,६००, एकूण १८,२००. त्यातून लग्नाचे ४,०००, नोकरीचे २,००० आणि होम केअररचे १,९५० वजा केले की प्राप्तिकर उरला १०,२५०.

आता तुमचे १४,००० धरा. होम केअरर क्रेडिट गेलं, हे खरं. पण दोन गोष्टी आल्या. दोघं कमावत असली की २० टक्क्यांचा टप्पा ५३,००० वर थांबत नाही. कमी कमावणाऱ्याच्या उत्पन्नाएवढा तो वाढतो, जास्तीत जास्त ३५,००० ने. तुमचे १४,००० त्यामुळे सगळेच्या सगळे २० टक्क्यांत बसतात. आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला अर्न्ड इन्कम क्रेडिट मिळतं, तेही २,००० युरो. हे क्रेडिट २०१६ साली अवघ्या ५५० युरोंनी सुरू झालं आणि वाढत वाढत नोकरदारांच्या बरोबरीला आलं. ते तुमचं, तुमच्या सुईदोऱ्यावर मिळणारं. बेरीज केली तर दोघांचा मिळून कर १३,००० येतो. आधी होता १०,२५०. फरक २,७५०.

हा फरक उकलून बघा. १४,००० वर २० टक्के म्हणजे २,८००. त्यातून तुमचे २,००० गेले, उरले ८००. तुमच्या शिलाईवर खरा प्राप्तिकर एवढाच आहे. बाकीचे १,९५० म्हणजे परत गेलेलं होम केअरर क्रेडिट. यावर पीआरएसआयचे (सामाजिक विम्याच्या हप्त्याचे) किमान ६५० आणि यूएससीचे (उत्पन्नावरच्या आणखी एका कराचे) साधारण १०० धरले की सगळं मिळून ३,५०० होतात. १४,००० मधले १०,५०० घरात राहिले. ‘घराचं नुकसान’ कुठे झालं ते या हिशेबात मला सापडलं नाही. पतीचा पगार ७२,००० ऐवजी ४५,००० असता तरी प्राप्तिकरातला हा फरक २,७५० च आला असता. म्हणून इतर वाचकांनीही आपले आकडे घालून बघावेत.

आता ७,२०० ची रेघ. तुम्ही तिला लक्ष्मणरेषा समजून दोन लग्नं परत पाठवलीत, हे वाचून मला फार वाईट वाटलं. ७,२०० ओलांडले की क्रेडिट एका झटक्यात जात नाही. वरच्या दर दोन युरोंमागे एक युरो कमी होतं आणि ११,१०० ला संपतं. शिवाय होम केअरर क्रेडिट किंवा वाढीव टप्पा, यांपैकी जे फायद्याचं ते घेता येतं, फक्त दोन्ही एकदम मिळत नाहीत. मी मांडून बघितलं. पती ४० टक्क्यांत असताना तुमचं उत्पन्न साधारण ७,९०० च्या पुढे गेलं की वाढीव टप्पाच जास्त देतो. म्हणजे त्या रेघेपाशी जो खड्डा वाटतो तो जेमतेम सातशे युरो कमाईच्या अंतरात भरून निघतो.

रेघेच्या आत राहिलात तर काय होईल? बरोबर ७,२०० कमावलेत तर क्रेडिट पूर्ण राहील. पण टप्पा वाढणार नाही, म्हणून ते ७,२०० पतीच्या वरच्या ४० टक्क्यांत जातील. अर्न्ड इन्कम क्रेडिटही पूर्ण मिळणार नाही, कारण ते उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त नसतं. कर १,४४० वाढेल, पीआरएसआय ६५०. हातात ५,११०. तिकडे १४,००० वर हातात १०,५००. म्हणजे १,९५० चं क्रेडिट वाचवायला तुम्ही ५,३९० युरो सोडता आहात. बुक केलेले हॉल आणि वाट बघणाऱ्या नवऱ्या मुली वेगळ्याच.

मग पतीला हे दिसत का नाही? इथे मला त्याची बाजूही मांडायची आहे, कारण तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की ‘त्याला मी कमावलेलं बघवत नाही’. असं असूही शकेल, मी तुमच्या घरात नाही. पण त्याच्या जागेवरून एकदा बघा. १,९५० भागिले बारा म्हणजे महिन्याला १६२ युरो ५० सेंट. हे त्याच्या पेस्लिपवरून जाणार. आणि तुमचे १०,५०० येणार तुमच्या खात्यात, चाळीस-पन्नास युरोंच्या तुकड्यांत, त्यातले काही लगेच अस्तर-हुक-दोऱ्यात जाणार. घरभाडं मात्र त्याच्या पगारातून एकरकमी जातं. कमी झालेलं त्याला दर महिन्याला दिसेल, वाढलेलं कधीच एकत्र दिसणार नाही. माणूस घाबरतो ते अशानेच. मी असे संसार जवळून पाहिलेत. दोघंही प्रामाणिक असतात आणि दोघांनाही वाटत असतं की आपणच देतोय.

यावर साधा उपाय आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुमच्या शिलाईच्या खात्यातून १६५ युरो घरखात्यात टाका. न मागता, न सांगता, स्टँडिंग ऑर्डर लावून. त्याच्या पेस्लिपमधली खाच भरली की बोलण्याचा सूर बदलेल, असं माझं मन सांगतं. नाही बदलला, तर प्रश्न टॅक्सचा नव्हता हे तरी तुम्हाला कळेल आणि मग त्यावर वेगळं बोलावं लागेल. तेव्हा मला पुन्हा लिहा.

आता तुमचा ‘पूर्ण वेगळं’ करण्याचा विचार. त्यामागची भावना मला समजते. स्वतःच्या कष्टाचा हिशेब स्वतःच्या नावावर असावा, रेव्हेन्यूचं पत्र आपल्या नावाने यावं, ही इच्छा रास्तच आहे. पण इथे एकसारख्या नावांचे दोन रस्ते आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. सेपरेट ट्रीटमेंट म्हणजे दोघांना अविवाहित असल्यासारखा कर. मग पतीचा टप्पा ४४,००० वर येतो, क्रेडिट्स ४,००० वर, आणि त्याचा कर होतो १६,०००. तुमचा शून्य, कारण तुमची क्रेडिट्स तुमच्या करापेक्षा मोठी, पण उरलेली १,२०० ची क्रेडिट्स त्याला देता येत नाहीत. ती वाया. घराचा कर १३,००० ऐवजी १६,०००. वेगळं नाव लावण्यासाठी वर्षाला ३,००० युरो मोजू नका.

दुसरा रस्ता सेपरेट असेसमेंट. यात एकूण कर जॉइंट असेसमेंटइतकाच राहतो, पण क्रेडिट्स दोघांत वाटली जातात, ज्याचं त्याचं रिटर्न ज्याने त्याने भरायचं, आणि एकाची काही क्रेडिट्स उरली तर ती दुसऱ्याकडे वळतात. मला वाटतं तुम्हाला हेच हवंय, फक्त नाव माहीत नव्हतं. त्यासाठी त्या वर्षीच्या ३१ मार्चच्या आत कळवावं लागतं. २०२६ साठी म्हणजे ३१ मार्च २०२६ च्या आत. जॉइंटमध्येच राहायचं असेल तर आणखी एक करता येतं. जोडप्यातला जबाबदार जोडीदार, म्हणजे ज्याच्या नावाने रिटर्न जातं तो, तुम्ही होऊ शकता. सध्या तो बहुधा पती आहे, आणि तुमच्या धंद्यामुळे फॉर्म ११ (धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांचं रिटर्न) भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, ज्याची त्याला आजवर कधी गरज पडली नव्हती. त्याच्या धास्तीत हाही भाग असेल. ती जबाबदारी तुम्ही घेतलीत तर त्याचा जीव हलका होईल आणि तुमच्या हाती सूत्रं येतील. हे बदलायचीही मुदत ३१ मार्चच.

रोख घ्या आणि दाखवू नका, या सल्ल्याबद्दल मी कडक बोलणार आहे. तुमच्या ग्राहक आपल्याच बायका आहेत. त्या एकमेकींना तुमचा नंबर देतात, कार्यक्रमांत तुमची नऊवारी नेसून फिरतात, फोटो टाकतात. लपून राहील असा हा धंदाच नाही. रिटर्न उशिरा भरलं तर दोन महिन्यांपर्यंत ५ टक्के आणि त्यानंतर १० टक्के अधिभार लागतो, थकलेल्या करावर दिवसाला ०.०२१९ टक्के व्याज चढतं, आणि मुद्दाम लपवलं असं ठरलं तर दंड वेगळा. आणि भीती बाजूला ठेवली तरी दाखवण्यात तुमचा स्वतःचा फायदा आहे. पीआरएसआयच्या त्या ६५० युरोंच्या बदल्यात वर्षाचे ५२ क्लास एस (स्वतःचा धंदा करणाऱ्यांचे) हप्ते तुमच्या नावावर जमा होतात. इथलं योगदानावर मिळणारं सरकारी पेन्शन हवं असेल तर किमान ५२० भरलेले हप्ते लागतात, म्हणजे दहा वर्षांचे. गेली आठ वर्षं तुमच्या खात्यावर असा एकही भरलेला हप्ता नाही. पतीच्या पीआरएसआयने त्याचं पेन्शन तयार होतंय, तुमचं नाही. दाखवलेलं प्रत्येक वर्ष तुमच्या म्हातारपणी कामाला येणार आहे. या एका कारणासाठी मी तुम्हाला ७,२०० काय, १४,००० वरही थांबू नका म्हणेन.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. पहिल्या वर्षी धंदा करणाऱ्याला प्रिलिमिनरी टॅक्स (चालू वर्षाचा आगाऊ कर) भरावा लागत नाही, कारण मागच्या वर्षीची देणी शून्य असतात. त्यामुळे पहिलं वर्ष फार छान जातं. मग येतो दुसरा ऑक्टोबर. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि रॉसवरून (रेव्हेन्यूच्या ऑनलाइन सेवेवरून) भरलं आणि पैसेही तिथूनच दिले तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, तुम्हाला २०२५ चा सगळा कर भरायचाय आणि त्याच दिवशी २०२६ चा आगाऊ करही. आगाऊ म्हणजे मागच्या वर्षाइतका पूर्ण किंवा चालू वर्षाच्या ९० टक्के. तुमच्या बाबतीत ३,५०० अधिक आणखी ३,५००, म्हणजे एका दिवशी ७,०००. माझ्या पहिल्या वर्षी मला हे कुणी समजावलं नव्हतं. मी ते पैसे भारताच्या तिकिटांत घातले होते, आणि ऑक्टोबरात बहिणीकडून उसने घ्यावे लागले. तो फोन करताना जे वाटलं ते अजून आठवतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

३,५०० भागिले १४,००० म्हणजे बरोबर पाव हिस्सा. नफ्यातल्या दर चार युरोंतला एक वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. २०२५ साठी हे झालं नसेल, म्हणून आतापासून ऑक्टोबरपर्यंत जरा जास्त बाजूला काढावं लागेल. एक सवलत अशी की पतीच्या पेस्लिपवरून २०२६ चं होम केअरर क्रेडिट तुम्ही आत्ताच रेव्हेन्यूच्या मायअकाउंट या संकेतस्थळावर जाऊन काढून टाकू शकता. दर महिन्याला १६२ कमी येतील, पण ते नंतर एकदम परत करावे लागणार नाहीत, आणि चालू वर्षाच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने आगाऊ रक्कम चौदाशेच्या आसपास उतरेल. ऑक्टोबरचा डोंगर ७,००० वरून ५,००० च्या खाली येतो. मी असते तर हेच केलं असतं. मात्र यंदा काम वाढणार असेल, आणि त्या दोन ऑर्डरी परत आल्या तर वाढेलच, तर ९० टक्क्यांचा अंदाज जरा सढळ धरा.

जाता जाता एक विचारते. तुम्ही भाड्याच्या घरात राहता. रेंट टॅक्स क्रेडिट घेतलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते आहे. जॉइंट असेसमेंटमधल्या जोडप्याला ते २०२२ आणि २०२३ साठी वर्षाला १,००० आणि २०२४ पासून वर्षाला २,००० पर्यंत आहे, भरलेल्या भाड्याच्या २० टक्क्यांपर्यंत. चार वर्षं मागे जाऊन मागता येतं, म्हणजे २०२२ चं २०२६ अखेरपर्यंत. चारही वर्षांचं राहिलं असेल तर ते ६,००० युरो होतात. १,९५० साठी दोन महिने अबोला आणि ६,००० टेबलावर पडून, असं बऱ्याच घरांत असतं. भाडेकरार नियमाप्रमाणे आरटीबीकडे (भाडेकरारांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) नोंदलेला आहे ना तेवढं घरमालकाकडून आधी खात्री करून घ्या. त्याच बोलण्यात घरी ग्राहक येतात हेही त्याच्या कानावर घाला. करारात घरी धंदा करायला मनाई असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

तुमच्यासारख्या, पण थोड्या वेगळ्या परिस्थितीतल्या वाचकांसाठी काही गोष्टी सांगायलाच हव्यात. तुम्हाला स्टॅम्प ४ आहे म्हणून मी हे सगळं मोकळेपणाने लिहिलं. वर्क परमिटवर आलेल्या जोडीदारासोबत आलेल्या पुष्कळ मैत्रिणी स्टॅम्प १जी वर असतात. त्यावर नोकरी करता येते, स्वतःचा धंदा करता येत नाही. घरची शिलाई, डबे, शिकवण्या, हे सगळं त्यात आलं. त्यांनी आधी स्टॅम्प बघावा, टॅक्स नंतर. ज्या नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करतात त्यांना नोकरदाराचं आणि अर्न्ड इन्कम क्रेडिट मिळून २,००० च मिळतात, चार नाही. पण त्यांचं नोकरीबाहेरचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या आत असेल तर सहसा फॉर्म ११ लागत नाही, साधा फॉर्म १२ चालतो. आणि जिथे उलट आहे, म्हणजे नवऱ्याचा धंदा आणि बायको त्याच्याकडे पगारावर, तिथे तिला नोकरदाराचं क्रेडिट मिळत नाही. तिने अर्न्ड इन्कम क्रेडिट मागावं. लग्न त्याच वर्षी झालं असेल तर त्या वर्षापुरती दोघं अविवाहितच धरली जातात, आणि जास्त गेलेला कर वर्ष संपल्यावर मागता येतो.

राहिलं मशीन. घ्या. इंटरलॉकविना नऊवारी शिवणं म्हणजे किती शिवणी हाताने बांधाव्या लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मशीनचा खर्च एका वर्षात वजा होत नाही. दरवर्षी किमतीच्या १२.५ टक्के असा आठ वर्षांत तो उत्पन्नातून कमी होतो. दोरे, अस्तर, हुक, सुया, कपड्यांच्या पिशव्या हे त्या त्या वर्षीच पूर्ण धरायचे. विजेचा आणि इंटरनेटचा शिलाईपुरता रास्त भागही धरा, संपूर्ण घराचं बिल नको. मशीनचं बिल स्वतःच्या नावावर घ्या, पैसे शिलाईच्या खात्यातून द्या आणि सगळी बिलं सहा वर्षं जपून ठेवा. जानेवारीत परत पाठवलेल्या दोन्ही घरी आज संध्याकाळी फोन करून बघा. लग्न मे-जूनचं असेल तर बहुतेक अजून कुणाला दिलेलं नसेल.

तुमची,
सल्ला सदर